टायटॅनियमवाल्याने हाड कुठून शिकायला घ्यावं?

एम.टेक. करणाऱ्या एका मुलाचा प्रश्न आहे. नागपुरातच शिकतो, विषय मटेरियल्स, काम टायटॅनियमच्या मिश्रधातूवर हायड्रॉक्सीॲपेटाइटचा, म्हणजे हाडातल्या क्षारासारख्या पदार्थाचा, थर देण्याचं. गाइड म्हणाले, ‘आधी हाड शिकून ये.’ त्याने एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाचं पुस्तक आणलं, मांडीच्या हाडावर तीन रात्री घालवल्या आणि आता विचारतो: मॅडम, ह्यातलं मला नेमकं काय लागेल? आणि डिसेक्शन हॉलमध्ये येऊन काही कळेल, की उगाच गर्दी?

ते पुस्तक आधी ज्याचं त्याला परत कर. तू ज्या पानांवर अडकलास ती परीक्षेसाठी लिहिलेली आहेत. लिनिया ॲस्पेराच्या, म्हणजे मांडीच्या हाडामागच्या उभ्या उंचवट्याच्या, कुठल्या कडेला कुठला स्नायू चिकटतो हे आमच्या मुलांनाही व्हायवा संपला की आठवत नाही, आणि तुझ्या थराला त्याने काडीचा फरक पडत नाही. तुला पाहायच्यात त्या जागा वेगळ्या. शरीरात एक पदार्थ संपून दुसरा सुरू होतो त्या. टेंडन, म्हणजे स्नायूला हाडाशी बांधणारी दोरी, हाडात शिरतं ती, कूर्चा हाडावर बसते ती, दाताचं इनॅमल खालच्या डेंटिनला भिडतं ती. आमच्या पुस्तकांत ह्या जागांना दोन-दोन ओळी मिळतात. मी सव्वीस वर्षं ॲनाटॉमी शिकवतेय आणि पहिली दहा वर्षं मीही त्या दोन ओळींतच उरकत होते.

माझे डोळे उघडले ते एका आजींमुळे. देहदानातून आलेला देह होता. मुलं मांडीची मागची बाजू उघडत होती, खुब्याजवळ जुना व्रण दिसला आणि खाली चिमट्याला टक्कन धातू लागला. ऑस्टिन मूर प्रोस्थेसिस. खुब्याच्या हाडाची मान मोडली की म्हाताऱ्या माणसांना बसवतात तो एकसंध गोळा आणि दांडा. त्याच्या दांड्याला खिडक्या ठेवलेल्या असतात, हाड त्यांतून आरपार वाढून दांडा अडकून बसावा म्हणून. मुलांना सायॅटिक नर्व्ह शोधायची घाई. मी म्हटलं, थांबा रे, नर्व्ह कुठे पळून जात नाही. करवतीने आणि छिन्नीने हाडाची पुढची भिंत काढली. खालच्या खिडकीतून खरोखर हाडाचा पूल गेला होता, धातूला असा भिडलेला की मध्ये सुईचं टोक शिरेना. वर मानेजवळ मात्र धातू आणि हाड यांच्यामध्ये एक पांढरट, चिवट पापुद्रा होता, दीडेक मिलिमीटर जाडीचा. चिमट्यात धरून ओढला तर सोलूनच निघाला. माणूस एक, ऑपरेशन एक, धातू एक, आणि एकाच दांड्यावर दोन निकाल.

नागपूरकराला हे समजायला संत्रं पुरे. संत्र्याची साल आणि फोडी यांच्यामध्ये तो सैल, जाळीदार पांढरा थर असतो म्हणून अंगठ्याने सोलता येतं. मोसंबीला सुरी लागते. आजींच्या दांड्याचा वरचा भाग संत्रं झाला होता, खालचा मोसंबी.

असं काहून झालं? पहिला संशय हालचालीवर घे. ऑपरेशननंतरच्या आठवड्यांत धातू आणि हाड यांच्यामधली सूक्ष्म हालचाल ४०-५० मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आत राहिली तर त्या फटीत हाड भरतं. १५० मायक्रॉनच्या वर गेली तर तिथल्या पेशी हाड सोडून तंतू विणायला घेतात, आणि तो तुझा पापुद्रा. म्हणजे सगळा खेळ एक-दोन केसांच्या जाडीचा. ही हालचाल कोण करतं? इथे तुला खरी ॲनाटॉमी लागते. चालताना दर पावलाला तू क्षणभर एका पायावर असतोस. शरीराचं वजन खुब्याच्या आतल्या बाजूला लांब, आणि तोल सांभाळणारा ग्लुटियस मीडियस हा स्नायू बाहेरच्या बाजूला जवळ. आखूड भुजेवर ओढणाऱ्याला जोर जास्त लावावा लागतो, आणि वजन अधिक स्नायूची ओढ असं सगळं खुब्याच्या गोळ्यावर येतं. साध्या चालण्यात वजनाच्या अडीच ते तीनपट. जिन्यावर त्याहून जास्त, आणि तिथे दांड्याला पीळही बसतो. वर्षाला साधारण १० लाख वेळा. तुझ्या प्रबंधात ‘भार’ ह्या शब्दाला जो बाण काढला आहेस ना, तो ह्या स्नायूने काढलेला आहे. तेव्हा खुब्याभोवतीचे स्नायू शिक, पण नावांसाठी नाही. कुठून कुठे आणि किती लांबीच्या भुजेवर ओढतात एवढ्यासाठी.

ॲनाटॉमीवाल्यांचा आणि मटेरियल्सवाल्यांचा हा संसार काही नवा नाही. १८६६ च्या सुमारास झुरिकमध्ये हेर्मान फॉन मायर नावाचे शरीररचनेचे प्राध्यापक मांडीचं हाड उभं कापून आतली जाळी दाखवत होते. कार्ल कुलमान हे बांधकामाचे इंजिनिअर, क्रेनमधले ताण-दाब रेषांनी काढणारे. त्यांना त्या जाळीत आपल्याच रेषा दिसल्या. पुढे युलियस वोल्फने १८९२ मध्ये त्यावरून नियम मांडला की हाड भारानुसार स्वतःला घडवतं. त्यातलं काटेकोर गणित नंतर टिकलं नाही, मूळ गोष्ट टिकली. आणि तुझं टायटॅनियम? १९५२ मध्ये स्वीडनमध्ये ब्रोनमार्क हे सशाच्या हाडात टायटॅनियमची छोटी कुपी बसवून मज्जेतला रक्तप्रवाह जिवंत बघत होते. कुपी परत काढायची वेळ आली तर निघेना. दुसऱ्या एखाद्याने हात झटकले असते. त्यांनी तोच धागा पकडला आणि १९६५ मध्ये पहिल्या माणसाच्या जबड्यात टायटॅनियमचे दात बसवले. हे ब्रोनमार्क पुढे गोथेनबर्गला कशाचे प्राध्यापक होते माहीत आहे? ॲनाटॉमीचे. हे मी वर्गात जरा छाती फुगवून सांगते, मुलांना त्याचं काही वाटत नाही.

आता तुझ्या थराकडे. तुला वाटतं पेशी येते आणि तुझ्या टायटॅनियमला हात लावते. तसं होत नाही. हवेत आल्याबरोबर टायटॅनियमवर ऑक्साइडचा काही नॅनोमीटरचा पडदा बसतो. शरीरात गेल्याबरोबर, सेकंदांत, त्यावर रक्तातली प्रथिनं बसतात. आधी जी भरपूर आणि हलकी ती, मग त्यांना सारून जास्त चिकट असणारी. पेशी तासांनी पोचते आणि तिला दिसतो तो ह्या प्रथिनांचा गालिचा. तुझं पृष्ठ कसं आहे ह्याला महत्त्व आहे, पण ते असं आडून: गालिचा कसा अंथरला जाईल हे ते ठरवतं. म्हणून तुम्हा लोकांची ती लाडकी चाचणी, कोकुबोंच्या कृत्रिम शरीरद्रवात नमुना बुडवून वर ॲपेटाइट जमलं की टाळ्या, ती मला अर्धीच पटते. त्या द्रवात क्षार आहेत, प्रथिन नाही, पेशी नाही, रक्त वाहत नाही. तिथे पास झालेला थर हाडात पास होईलच असं नाही. चाचणी कर, पण प्रबंधात ‘हाडाशी जोडणी सिद्ध झाली’ असं लिहू नकोस.

आणि मापं डोक्यात ठेव, कारण तुझे मायक्रोस्कोपचे फोटो मी पाहिले की पहिला प्रश्न मापाचा असतो. कोलॅजनच्या, म्हणजे हाडातल्या तंतुमय प्रथिनाच्या, धाग्यावर दर ६७ नॅनोमीटरला एक पट्टा. हाड घडवणारी पेशी २०-३० मायक्रॉन. घट्ट हाडाचा मूळ घटक, ऑस्टिऑन, सुमारे २०० मायक्रॉन रुंद, मधोमध रक्तवाहिनी. सच्छिद्र पृष्ठात हाड शिरायला १०० ते ४०० मायक्रॉनची भोकं चांगली ठरतात ती ह्याच कारणाने: हाडाला एकट्याने आत जाता येत नाही, रक्तवाहिनीचं बोट धरून जावं लागतं. हा आकडा तू पेपरमधून पाठ केला असशील. हाडाचा पातळ काप एकदा मायक्रोस्कोपखाली बघ, पाठ करावा लागणार नाही.

रक्तपुरवठ्याकडे मटेरियल्सची मुलं हमखास दुर्लक्ष करतात. घट्ट हाडाच्या भिंतीचा आतला साधारण दोन-तृतीयांश भाग मज्जेच्या बाजूच्या वाहिन्यांवर जगतो, बाहेरचा पेरिऑस्टियमवर, म्हणजे हाडावरच्या पातळ आवरणावर. सर्जन दांड्यासाठी नळी कोरतो तेव्हा आतली ही व्यवस्था तो मोडूनच टाकतो. ती परत उभी राहते, पण आठवडे जातात. म्हणजे तुझा सुंदर थर ज्या हाडाला पहिल्यांदा भेटतो ते हाड त्या वेळी अर्धमेलं असतं. आधी तो मेलेला भाग खाल्ला जातो, मग नवा भरतो. दातांच्या इम्प्लांटमध्ये तिसऱ्या-चौथ्या आठवड्याला पकड जरा ढिली होते ती ह्याच उलाढालीत. इंटरफेस, दोन पदार्थ भिडतात ती जागा, म्हणजे तुझ्या आकृतीतली ती एक रेघ नव्हे, बाप्पा. तिथे महिनोनमहिने बांधकाम चालू असतं.

बांधकाम म्हटलं तर, नागपूरच्या कुठल्याही घरात जा आणि विटांची भिंत काँक्रीटच्या कॉलमला मिळते तिथला गिलावा बघ. उभी भेग असतेच. मे महिन्यात ४५ अंश, डिसेंबरच्या पहाटे दहाच्या खाली. दोन पदार्थ वेगवेगळे फुगतात, वेगवेगळे आकसतात, आणि मधली जागा बिचारी फाटते. शहाणा मिस्त्री तिथे आधी जाळी ठोकतो, काँक्रीटला टाचे मारतो, मग गिलावा चढवतो. शरीराला ही अडचण पदोपदी. टेंडनपेक्षा हाड कितीतरी पट ताठ. दोन्ही एका रेषेत चिकटवले असते तर पहिल्या उडीला सुटले असते. म्हणून टेंडन हाडाला चिकटत नाही, हळूहळू हाड होत जातं: आधी टेंडन, मग तंतुमय कूर्चा, मग तीच कूर्चा पण क्षार साचलेली, मग हाड. हे सगळं मिलिमीटरहून कमी अंतरात. क्षार सुरू होतात ती सीमा बरीचशी सरळ असते, पण त्याच्या खाली कूर्चा-हाडाची सीमा मात्र दातेरी, एकमेकांत बोटं घातल्यासारखी.

हेच आकडे तुझ्या बाजूने मांड. ताठपणा गिगापास्कलमध्ये मोजतात: घट्ट हाड १५ ते २० गिगापास्कल. तुझा टायटॅनियम मिश्रधातू ११०. स्टेनलेस स्टील २०० च्या आसपास. ताठ दांडा आत बसला की भार तो घेतो, शेजारचं हाड बसून खातं, आणि वोल्फच्या नियमाने बसून खाणाऱ्या हाडाचं मांस झडतं, म्हणजे हाडच झडतं. तुझा १०० मायक्रॉनचा थर हे सोडवू शकत नाही. तो रसायन सुधारतो, ताठपणा नाही. थर चढवणाऱ्यांनी हे कबूल करावं असं मला फार वाटतं. त्यासाठी सच्छिद्र रचना, कमी ताठ मिश्रधातू हे रस्ते आहेत, ते तुझ्या गाइडना विचार. माझा प्रांत नाही.

आता शिकायचं कसं. पहिला धडा मटणवाल्याकडे. बोकडाची मांडीची नळी आण, मांस थोडं राहू दे. मधल्या दांड्यावर पेरिऑस्टियमला चीर दे आणि बोथट सुरीने सरकव; कागदासारखा निघतो. तसाच टोकाकडे जा, टेंडन चिकटतं तिथे. नाही निघत. सुरी घसरेल, हात सांभाळ. तिथे कोलॅजनचे धागे थेट हाडात गाडलेले आहेत, शार्पीचे तंतू म्हणतात त्यांना. एवढ्या एका नळीत संत्रं आणि मोसंबी दोन्ही आहेत. मग ती नळी उकळून साफ कर, वरचं टोक हॅकसॉने उभं काप. कमानी दिसतील. फॉन मायरने कुलमानना दाखवल्या त्याच जातीच्या.

दुसरा धडा कोंबडीच्या तंगडीचा. एक बारीक हाड व्हिनेगरमध्ये टाक, दर दिवशी व्हिनेगर बदल, पाच-सहा दिवसांनी ते रबरासारखं वाकेल; क्षार गेले, कोलॅजन उरलं. दुसरं वाळव, वजन कर आणि तुमच्या मफल फर्नेसमध्ये, त्या बंद भट्टीत, ७०० अंशांना काही तास ठेव, एक्झॉस्ट लावून, नाहीतर विभागातले लोक तुला बाहेर काढतील. पांढरं, आकार तसाच, पण बोटाने चुरा होतो. कोलॅजन जळलं, क्षार उरले. परत वजन कर. कोरड्या हाडाच्या दोन-तृतीयांशाच्या आसपास उरेल. तुझं हायड्रॉक्सीॲपेटाइट हे त्या पांढऱ्या चुऱ्याचं भावंड आहे. हाड म्हणजे तो चुरा नाही आणि ते रबरही नाही, दोघांचा जो नॅनोमीटरचा जोड आहे ते हाड. तुझ्या विषयातला सगळ्यात जुना आणि सगळ्यात बारीक इंटरफेस तोच.

हे प्रयोग मी आता एमबीबीएसच्या मुलांकडूनही करून घेते. डिजिटल टेबलावर बोटाने हाड फिरवणं त्यांना छान जमतं. ते टेबल वाईट नाही, रक्तवाहिन्यांची वाट त्यावर चांगली कळते. पण पडद्यावर टेंडन आणि हाड हे दोन रंग असतात, आणि दोन रंगांच्या मध्ये रेघ असते. म्हणजे नेमकं जे खोटं तेच डोळ्यांत भरतं. थ्रीडी प्रिंटचं हाडही तसंच: आकार शिकायला उत्तम, पदार्थ शिकायला निरुपयोगी.

मग देहावर काय शिकशील? स्नायूंच्या दिशा, सर्जनला आत शिरायला किती जागा मिळते ती, खुब्याच्या गोळ्याला रक्त पुरवणाऱ्या त्या बारीक वाहिन्या मानेला कशा चिकटून जातात ते. पण यंत्रात घालून ताकद मोजायला आमच्याकडचं हाड मागू नकोस. देह टिकवायला वापरतो ते फॉर्मलिन प्रथिनांना एकमेकांत बांधून टाकतं. मऊ भाग कडक होतात, हाडाचा ताठपणा फारसा बदलत नसला तरी चिवटपणा जातो. बोन सेटमधलं वाळलेलं हाड तर आणखी ठिसूळ. ऑस्ट्रियातल्या ग्राझच्या वॉल्टर थील यांनी १९९२ मध्ये मऊ राहणारे देह ठेवण्याची पद्धत प्रसिद्ध केली, सर्जनच्या सरावाला ती सुरेख, पण तिथेही पदार्थाचे आकडे जिवंत माणसाचे नसतात. मोजमापाला ताजं गोठवलेलं हाड लागतं, आणि त्यासाठी एथिक्स कमिटीची परवानगी. ती फाइल तुझ्या सेमिस्टरपेक्षा हळू चालते, तेव्हा आजच सुरू कर.

आणि आता खरी सूचना, जिच्यासाठी मी एवढं लिहायला बसले. काही वर्षांपूर्वी तुझ्यासारखाच एक मुलगा उंदराच्या मांडीतली थर दिलेली टायटॅनियमची पिन घेऊन आला होता. बारा आठवडे वाट पाहून काढलेले नमुने. एका प्रयोगशाळेत त्याने ते ‘हिस्टॉलॉजी करून द्या’, म्हणजे मायक्रोस्कोपसाठी पातळ काप काढून द्या, एवढ्या चिठ्ठीवर दिले. तिथल्या माणसाने जे रोज करतो तेच केलं: हाड आहे, म्हणजे आम्लात टाकून मऊ करायचं, मग मेणात बसवायचं. धातू कापता येईना म्हणून पिन उपटली. आम्लाने हाडातले क्षार नेले आणि त्याचबरोबर त्याचा हायड्रॉक्सीॲपेटाइटचा थरही नेला, तोही क्षारच की. उरला तो काप मी पाहिला. मधोमध एक गोल भोक, काठ फाटलेले. ज्या जागेवर प्रबंध होता नेमकी तीच जागा नाहीशी. त्या टेक्निशियनची चूक मी म्हणणार नाही. त्याला कुणी काही सांगितलंच नव्हतं. मला विचारलं असतं तर मीही, त्या काळात, आम्लच सुचवलं असतं.

अशा नमुन्यांची वाट वेगळी. बफर केलेल्या १० टक्के फॉर्मलिनमध्ये स्थिर करायचे, मग अल्कोहोलच्या वाढत्या पायऱ्यांतून पाणी काढायचं, मग मिथाइल मेथॅक्रिलेट ह्या प्लास्टिक होणाऱ्या द्रवात बुडवून ते घट्ट होऊ द्यायचं. हाड, थर, धातू, सगळं एका पारदर्शक ठोकळ्यात. हिऱ्याच्या करवतीने धातूसकट काप काढायचा आणि घासून घासून ५० मायक्रॉनच्या आसपास आणायचा, वर टोल्युइडिन ब्लूचा रंग. हे घासणं तुम्हा मेटॅलर्जीच्या मुलांना आमच्यापेक्षा शंभर पटींनी चांगलं येतं. पॉलिशिंगच्या चाकावर तुमचं अर्धं आयुष्य जातं. रंगवलेल्या कापात काय दिसतंय हे मात्र आमच्याकडचं कुणीतरी शेजारी बसून सांगायला हवं: हे नवं विणीव हाड, हे जुनं पत्र्यापत्र्यांचं, ही जुन्या-नव्या हाडामधली सीमारेषा, सिमेंट लाइन, आणि हा जो गुलाबी-निळ्याच्या मधला पट्टा तुला हाड वाटतोय, तो पापुद्रा आहे.

सुट्टी संपली की मंगळवारी दुपारी दोननंतर ये, तेव्हा हॉल रिकामा असतो. पांढरा कोट आण, फोन बाहेर ठेवायचा, फोटो चालत नाही. जेवून ये, उपाशी पोटी फॉर्मलिन डोक्यात जातं. आजींचा दांडा आम्ही खिडकीसकट जपून ठेवलाय, तो आधी दाखवीन. तुझे नमुने तयार असतील तर ७० टक्के अल्कोहोलमध्ये ठेवून आण, आणि बाटलीवर मार्करने मोठ्या अक्षरांत लिही: आम्लात टाकू नये.